वंशावळ, दप्तर आणि पुरावा : वसाहतकालीन व्हर्जिनियातील वॉशिंग्टन घराण्याच्या मूळशोधाची चिकित्सा

प्रस्तावना

वंशावळ हा इतिहासलेखनाचा अत्यंत प्राचीन प्रकार असला, तरी आधुनिक संशोधक तिच्याकडे काहीशा संशयानेच पाहतो. त्याला कारणही तसेच आहे. वंशावळ सहसा निव्वळ जिज्ञासेपोटी तयार होत नाही. एखादा हक्क शाबीत करणे, एखादा मान पदरात पाडून घेणे किंवा नव्याने लाभलेल्या प्रतिष्ठेस जुन्या कुळाचा टेकू देणे, असा काही हेतू तिच्यामागे असतो. वतनाच्या तंट्यांत दाखल झालेल्या वंशावळी ज्या अभ्यासकांनी हाताळल्या आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

सतराव्या शतकात इंग्लंडमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. वसाहतीच्या दप्तरात अशा कुटुंबाचा इतिहास एकाएकी सुरू होतो. एखादा इसम जहाजातून उतरतो, जमीन घेतो, विवाह करतो आणि मृत्युपत्र करून मरण पावतो. मात्र तो कोणत्या गावाहून आला, त्याचे आईवडील कोण, हे नोंदविण्याची गरज त्या दप्तराला वाटत नाही. पुढे त्याचे वंशज संपन्न झाले म्हणजे समुद्रापलीकडील आपले मूळ शोधू लागतात. बोस्टन येथे १८४५ मध्ये न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, १८४७ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले आणि या मूळशोधाला संस्थात्मक रूप आले.

प्रस्तुत निबंधात अशा एका घराण्याच्या मूळशोधाचा परामर्श घेतला आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पणजोबा इंग्लंडमधून कोठून आले, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. या काळात एक चुकीची वंशावळ मान्यता पावली, ती खोडली गेली, रिकाम्या जागी एक कपोलकल्पित वंशावळ येऊन बसली आणि शेवटी खरा दुवा सापडला. हा दुवा कुलचिन्हांच्या भव्य तक्त्यांत सापडला नाही. तो काही स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या सामान्य कागदांत सापडला. वंशशोधात कोणत्या प्रकारची साधने निर्णायक ठरतात आणि पुरावा नसेल तेथे संशोधकाचे कर्तव्य काय, हे या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

व्हर्जिनियाच्या दप्तरातील जॉन वॉशिंग्टन

जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून मागे गेल्यास वडील ऑगस्टिन, आजोबा लॉरेन्स आणि पणजोबा जॉन अशी परंपरा व्हर्जिनियातील कागदांवरून निर्विवाद सिद्ध होते. हा जॉन म्हणजे घराण्याचा अमेरिकेतील मूळपुरुष. एडवर्ड प्रेस्कॉट याच्या 'सी हॉर्स ऑफ लंडन' नावाच्या लहान व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून तो आला. हे जहाज पोटोमॅक नदीत रुतले आणि त्यानंतर जॉनने तेथेच राहण्याचे ठरविले. प्रेस्कॉट आणि तो यांच्यात पैशांवरून वाद झाला व तो १६५७ मध्ये वेस्टमोरलंड काउंटीच्या न्यायालयापुढे गेला. जॉनच्या आगमनाचा काळ ठरविण्यास हाच वाद उपयोगी पडतो. नथॅनिएल पोप या स्थानिक जमीनदाराने त्याला आश्रय दिला. पुढे पोपची कन्या ॲन हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि सासऱ्याकडून ७०० एकर जमीन मिळाली.

याच प्रेस्कॉटच्या जहाजावर पुढील काळात एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या स्त्रीला चेटकीण ठरवून फाशी देण्यात आले. जॉनने याबद्दल मेरीलंडच्या सरकारकडे तक्रार केली. ऑक्टोबर १६५९ मध्ये खटल्याची तारीख लागली, तेव्हा त्याने कळविले की त्या सुमारास आपल्या मुलाचा बाप्तिस्मा योजला असल्याने आपणांस येता येणार नाही. फिर्यादी गैरहजर राहिला आणि प्रेस्कॉट निर्दोष सुटला. एका अभागी स्त्रीच्या मृत्यूची चौकशी अशा रीतीने निष्फळ ठरली; परंतु जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आजोबा लॉरेन्स यांच्या जन्माचा काळ याच पत्रामुळे निश्चित होतो.

जॉनने सप्टेंबर १६७५ मध्ये मृत्युपत्र केले आणि १६७७ मध्ये तो मरण पावला. मृत्युपत्रात भाऊ लॉरेन्स याचा उल्लेख आहे. इंग्लंडमधून आलेली बहीण मार्था हिला आपल्या तेथील पैशांतून दहा पौंड द्यावेत आणि तिच्या प्रवासखर्चाचे जे येणे असेल ते माफ करावे, असेही त्यात नमूद आहे. मात्र ज्या गावी हा पैसा होता वा जेथून बहीण आली, त्या गावाचे नाव मृत्युपत्रात नाही.

राष्ट्राध्यक्षांचे उत्तर आणि हर्ड यांचे अनुमान

डिसेंबर १७९१ मध्ये लंडनच्या कुलचिन्ह कार्यालयाचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून त्यांच्या पूर्वजांविषयी विचारणा केली. २ मे १७९२ रोजी वॉशिंग्टन यांनी उत्तर दिले. या विषयाकडे आपण फारच थोडे लक्ष दिले असल्याचे त्यांनी मोकळेपणाने कळविले. मूळपुरुष १६५७ च्या सुमारास व्हर्जिनियात आला आणि तो इंग्लंडच्या उत्तरेकडील एखाद्या परगण्यातून, लँकेशायर, यॉर्कशायर अथवा त्याहूनही उत्तरेकडून आला असावा, असे वडीलधाऱ्यांकडून ऐकल्याचे त्यांनी नमूद केले. कुटुंबातील एका नातलग स्त्रीकडून मिळविलेली माहितीही त्यांनी सोबत पाठविली.

हर्ड यांच्यापुढे दोन सूत्रे होती. व्हर्जिनियातील वॉशिंग्टन घराणे दोन तांबड्या पट्ट्यांचे व तीन तांबड्या ताऱ्यांचे कुलचिन्ह वापरीत असे. नॉर्थॅम्प्टनशायरमधील सल्ग्रेव्ह येथील वॉशिंग्टनांचेही कुलचिन्ह तेच होते. शिवाय १६१८ मध्ये त्या परगण्याची जी कुलचिन्हविषयक पाहणी झाली, तिच्यात या घराण्यातील एका लॉरेन्सला जॉन आणि लॉरेन्स नावाचे पुत्र असल्याची नोंद होती. व्हर्जिनियात आलेले भाऊही जॉन आणि लॉरेन्सच. चिन्ह जुळले, नावे जुळली. म्हणून व्यक्तीही त्याच असाव्यात, असे अनुमान निघाले.

अनुमान म्हणून यात गैर काही नव्हते. त्याचे सत्य कसे झाले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. जॉर्ज बेकर यांच्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या इतिहासात ही वंशावळ छापून आली, तेव्हा मुद्रित तक्त्याची उभी रेघ तिला लाभली. तक्त्यातील रेघेला 'बहुधा' म्हणता येत नाही. ती एक तर असते किंवा नसते. जॅरेड स्पार्क्स यांनी आपल्या चरित्रग्रंथात ही वंशावळ स्वीकारली. १८५५ ते १८५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन अर्व्हिंग यांच्या पाच खंडांच्या चरित्रातही ती आली. प्रत्येक लेखकाने आधीच्या लेखकाचा हवाला दिला. हवाले वाढत गेले. मूळ पुरावा होता तेवढाच राहिला.

चेस्टर यांचे खंडन आणि ओडिनची वंशावळ

जोसेफ लेम्युएल चेस्टर हे लंडनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन संशोधक. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या नोंदवह्यांचे त्यांनी १८७६ मध्ये केलेले संपादन विख्यात आहे. हर्ड यांच्या वंशावळीतील जॉन आणि लॉरेन्स यांचे पुढे काय झाले, हा कोणी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. सल्ग्रेव्ह घराण्यातील जॉन १६२३ मध्ये 'सर' झाला होता आणि त्याचा संसार इंग्लंडमध्येच होता. व्हर्जिनियातील जॉनला कोणत्याही कागदात 'सर' म्हटलेले नाही. त्या काळी असा किताब कोणी गाळणे शक्य नव्हते. लॉरेन्स तर ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजचा फेलो आणि पुढे एसेक्समधील पर्ली येथील चर्चचा रेक्टर होता. व्हर्जिनियातील लॉरेन्स हा व्यापारी गृहस्थ. तेव्हा या दोन जोड्या एकच असणे अशक्य होते.

चेस्टर यांनी मान्य वंशावळ पाडली, पण तिच्या जागी दुसरी उभी केली नाही. पुरावा मिळेपर्यंत हे घराणे मूळ अज्ञात असलेले समजावे, एवढेच त्यांच्या निष्कर्षातून निघत होते. १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर प्रश्न सुटला नव्हता.

ही पोकळी सर्वांनाच सोसवली नाही. १८७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट वेल्स यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात वॉशिंग्टन घराण्याची परंपरा अठरा शतके आणि पंचावन्न पिढ्या मागे नेऊन स्कँडिनेव्हियाच्या ओडिनपर्यंत पोहोचविली होती. एका पणजोबांचे गाव सापडत नसताना पंचावन्न पिढ्यांची नावे मात्र सापडली! हा प्रकार एकाकी नव्हता. पुढील काळात गुस्ताव्ह आंझू यांच्यासारख्यांनी धनिक अमेरिकन कुटुंबांना बनावट वंशावळी तयार करून देण्याचा व्यवसायच चालविला. खरी मृत्युपत्रे आणि रचलेली मृत्युपत्रे ते अशा कौशल्याने एकत्र करीत की, त्यांतील खोटे वेगळे काढण्याचे काम पुढील पिढ्यांतील संशोधकांना दीर्घकाळ पुरले.

ट्रिंगचे कागद : वॉटर्स यांचा शोध

उपरोक्त बोस्टनच्या संस्थेने १८८३ मध्ये हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांना इंग्लंडमधील दप्तरे धुंडाळण्यासाठी पाठविले. त्यांची पद्धत चिकाटीची होती. एखाद्या थोर घराण्याच्या मागे न लागता ते मृत्युपत्रांची बाडेच्या बाडे वाचून त्यांतील वसाहतींशी संबंधित उल्लेख टिपून घेत. हार्वर्ड विद्यापीठाला ज्यांचे नाव मिळाले त्या जॉन हार्वर्ड यांच्या आईवडिलांचा पत्ता त्यांनी अशाच वाचनातून १८८५ मध्ये लावला. वॉशिंग्टन घराण्यावरील त्यांचा निबंध १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हर्टफर्डशायरमधील ट्रिंग या गावाशी संबंधित काही कागद वॉटर्स यांच्या हाती आले. त्यांतील एक म्हणजे ॲम्फिलिस वॉशिंग्टन नावाच्या विधवेच्या मालमत्तेचे व्यवस्थापनपत्र. ती मृत्युपत्र न करता वारली होती आणि फेब्रुवारी १६५६ मध्ये तिच्या मालमत्तेचा अधिकार तिचा पुत्र जॉन याला देण्यात आला. दुसरा कागद ॲन्ड्र्यू नोलिंग या ट्रिंगच्या रहिवाशाचे जानेवारी १६५० मधील मृत्युपत्र. त्यात ॲम्फिलिस आणि तिची मुले जॉन, लॉरेन्स, विल्यम, एलिझाबेथ, मार्गारेट व मार्था यांची नावे असून जमीन धर्मपुत्र लॉरेन्स याला दिली आहे. यांपैकी लॉरेन्स, एलिझाबेथ आणि विल्यम यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी १६३५, १६३६ व १६४१ या वर्षी ट्रिंगच्या चर्चच्या नोंदवहीत आहेत. तिसरा कागद १६७७ मधील असून, पूर्वी ल्यूटन येथे राहणारा व व्हर्जिनियात मरण पावलेला लॉरेन्स वॉशिंग्टन त्यात येतो. ल्यूटन ट्रिंगपासून फार दूर नाही.

या मुलांचा पिता कोण? तो पर्लीचा रेक्टर लॉरेन्स, असा निष्कर्ष वॉटर्स यांनी काढला. म्हणजे ज्याला चेस्टर यांनी 'व्हर्जिनियात गेलेला भाऊ नव्हे' म्हणून योग्यच वगळले होते, तोच त्या भावांचा बाप निघाला. हर्ड यांचे घराणे बरोबर होते. पिढी चुकली होती.

या रेक्टराची कहाणी जॉनच्या समुद्रप्रवासाचे कारणही सुचविते. इंग्लंडमधील यादवीत राजपक्षाचा समजला गेल्याने १६४३ मध्ये त्याला पर्लीहून काढून टाकण्यात आले. पार्लमेंटच्या बाजूने प्रसिद्ध झालेल्या पत्रकात त्याच्यावर मद्यगृहांत जाण्याचा आरोप आहे. जॉन वॉकर यांच्या १७१४ मधील ग्रंथात मात्र तो शांत व संयमी गृहस्थ असल्याची साक्ष नोंदविली आहे. दोन्ही साधने पक्षपाती आहेत आणि कोणते खरे हे त्यांवरून ठरविता येणार नाही. तो गरिबीत गेला आणि जानेवारी १६५३ मध्ये मॉल्डन येथे त्याचे दफन झाले, हे मात्र निश्चित. दोन वर्षांनी, जानेवारी १६५५ मध्ये, ट्रिंग येथे ॲम्फिलिसचे दफन झाले. आईची मालमत्ता ताब्यात आल्यानंतर थोड्याच काळात ज्येष्ठ पुत्र 'सी हॉर्स'वरून व्हर्जिनियात दिसतो. तारखांचा हा मेळ बोलका आहे.

तथापि ट्रिंगचा जॉन आणि व्हर्जिनियाचा जॉन एकच, हे केवळ मेळावरून सिद्ध होत नाही. हर्ड यांच्या अनुमानातही नावांचा मेळ होताच. येथे निर्णायक ठरली ती मार्था. जॉनच्या मृत्युपत्रातील ही बहीण व्हर्जिनियात येऊन विवाहानंतर मार्था हेवर्ड झाली. तिचे १६९७ मधील मृत्युपत्र पुढे प्रकाशात आले. त्यात व्हर्जिनियातील वॉशिंग्टन भाचरांबरोबरच इंग्लंडमधील आपल्या दोन बहिणींची तिने आठवण ठेवली आहे : एलिझाबेथ रंबॉल्ड आणि मार्गारेट टॅल्बट. नोलिंगच्या मृत्युपत्रातील एलिझाबेथ, मार्गारेट आणि मार्था या तिन्ही बहिणी अशा रीतीने एकत्र आल्या. इंग्लंडमधील एलिझाबेथ म्यूस या विधवेच्या १६७६ मधील मृत्युपत्रातही याच एलिझाबेथ रंबॉल्डचा नातलग म्हणून उल्लेख आहे. आणि ही एलिझाबेथ म्यूस म्हणजे सल्ग्रेव्ह घराण्यातील कन्या, पर्लीच्या रेक्टराची बहीण होती. व्हर्जिनिया, ट्रिंग आणि सल्ग्रेव्ह ही तिन्ही टोके येथे जुळली.

यातून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. कुलचिन्ह कार्यालयाच्या तक्त्यात मुलीचे नाव आले तरी तिच्या विवाहापाशी रेघ थांबते. पुरुषवंश दाखविणे हेच त्या तक्त्याचे प्रयोजन असते. या प्रकरणात मात्र पुरुषवंशाचा तुटलेला धागा आईच्या मालमत्तेचे पत्र, तिच्या माहेरच्या माणसाचे मृत्युपत्र, बहिणीचे मृत्युपत्र आणि आत्याचे मृत्युपत्र यांनी जोडला. तक्त्याने ज्यांना गौण मानले, त्यांच्याच कागदांनी तक्ता सिद्ध केला.

नोंदींची भाषा आणि नोंदींतील मौन

असे कागद हाती येणे हे अर्धेच काम असते. ते वाचता येणे हे उरलेले अर्धे. पहिली अडचण कालगणनेची. इंग्लंड व तिच्या वसाहतींत १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे मूळ नोंदीतील जानेवारी १६५२ म्हणजे आपला जानेवारी १६५३. हे ध्यानात न घेता रेक्टर लॉरेन्सच्या दफनाची नोंद वाचली, तर १६५२ च्या उन्हाळ्यातील कागदावर त्याचे नाव आढळल्यास तो दुसराच कोणी समजला जाईल. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म कौटुंबिक बायबलात ११ फेब्रुवारी, १७३१ आणि १७३२ ही दोन्ही वर्षे दर्शवून नोंदविला आहे. सुधारित पंचांगानुसार तो २२ फेब्रुवारी १७३२ होतो.

दुसरी अडचण नातेवाचक शब्दांची. सतराव्या शतकातील इंग्रजीत 'कझिन' हा शब्द चुलत-मावस भावंडांपुरता मर्यादित नव्हता. पुतण्या-भाच्यांनाही तो लावीत. मार्था हेवर्डने 'कझिन' म्हटलेले वॉशिंग्टन तिच्या भावांची मुले आहेत. तसेच 'डॉटर-इन-लॉ' म्हणजे सूनच असे नव्हे. पत्नीच्या आधीच्या विवाहातील मुलीलाही तो शब्द वापरीत. नोलिंगने ॲम्फिलिसला तसे म्हटले आहे आणि ती त्याची सून नसून सावत्र मुलगी होती. मराठीत भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, मावसभाऊ, सून, सावत्र मुलगी यांना स्वतंत्र शब्द आहेत. त्यामुळे असा कागद मराठीत सांगताना मूळ लेखकाने मोघम ठेवलेले नाते आपणांस निश्चित करावेच लागते, आणि त्या निश्चयाला पुरावा लागतो. भाषांतर हीदेखील येथे चिकित्साच ठरते.

तिसरी अडचण मौनाची. चर्चमधील नोंदवह्या १५३८ च्या आज्ञेने सुरू झाल्या खऱ्या. परंतु १६४२ नंतरच्या यादवीत अनेक ठिकाणी त्यांत खंड पडला. इकडे अमेरिकन यादवी युद्धात व्हर्जिनियातील अनेक काउंटींची दप्तरे नष्ट झाली. जॉनच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळालेली नाही. त्याच्या आईवडिलांच्या विवाहाचीही नाही. फेलोने अविवाहित राहावे असा नियम होता आणि लॉरेन्सने ते पद १६३३ मध्ये सोडले. त्यामुळे जॉनच्या जन्मवर्षाबाबत मतभेद असून १६३१ ते १६३४ यांदरम्यानची निरनिराळी वर्षे सुचविली गेली आहेत. फेब्रुवारी १६५६ मध्ये त्याला मालमत्तेचा अधिकार मिळाला, त्या अर्थी तो तेव्हा एकवीस वर्षांचा झाला होता, म्हणजे १६३५ च्या प्रारंभापूर्वी जन्मला होता, एवढे खात्रीने म्हणता येते. त्यापुढे जाण्याचे कारण नाही.

मौखिक परंपरेचे काय? 'उत्तरेकडून आलो' ही वॉशिंग्टन कुटुंबातील आठवण जॉनपुरती चुकीची ठरली. तो दक्षिणेकडील परगण्यांतला. पण सल्ग्रेव्ह विकत घेणारा लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी व नॉर्थॅम्प्टनचा महापौर होता आणि त्याचे घराणे लँकेशायरमधील वॉर्टन येथून आले होते. त्याहून मागे या आडनावाचे मूळ डरहॅममधील वॉशिंग्टन गावात आहे. म्हणजे आठवण खोटी नव्हती. ती काही पिढ्या मागच्या स्थलांतराची होती आणि जवळच्या पूर्वजाला चिकटली होती. परंपरा टाकून देऊ नये आणि आहे त्या जागीही स्वीकारू नये, ती कोणत्या थराची आहे ते शोधावे, हा धडा यातून मिळतो.

ज्यांची वंशावळ कोणी विचारली नाही

वॉशिंग्टन घराण्याच्या दप्तराचा विचार येथेच थांबविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांना १६७४ मध्ये लिटल हंटिंग क्रीकवर ५,००० एकर जमीन मिळाली. पुढे माउंट व्हर्नन उभे राहिले ते याच जमिनीवर. वसाहतीत आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर, या नियमाने १०० माणसांच्या बदल्यात ही जमीन होती. त्या शंभर माणसांचे मूळ शोधण्यासाठी कोणत्याही कुलचिन्हाधिकाऱ्याने पत्र लिहिले नाही.

गुलामांच्या बाबतीत तर दप्तराचे स्वरूपच निराळे आहे. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला : आई गुलाम तर मूल गुलाम. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन येथील गुलामांची यादी तयार केली. तीत ३१७ माणसे आहेत. कोण कोणते काम करतो, कोणाचा जोडीदार कोणत्या मळ्यावर आहे, कोणत्या आईची कोणती मुले, हे तीत नोंदविले आहे. स्वतःच्या मालकीच्या गुलामांना मृत्युपत्राने मुक्त करावयाचे होते, तर १५३ जण पत्नीच्या आधीच्या पतीच्या इस्टेटीचे असल्याने त्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. ही विभागणी स्पष्ट व्हावी म्हणून यादी उपयोगी होती. ती मालमत्तेची यादी आहे. परंतु त्या माणसांच्या वंशजांसाठी तीच एकमेव बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही आणि वंशावळ आहे.

या वंशजांपुढील अडथळा फार मोठा आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची स्वतंत्र कोष्टके आहेत. त्यांत मालकाचे नाव येते आणि गुलामाचे केवळ वय, लिंग व वर्ण. नावानिशी नोंद सर्वसाधारणपणे १८७० पासून सुरू होते. त्यापूर्वीचा शोध घ्यावयाचा, तर मालकाचेच मृत्युपत्र, विक्रीखत आणि वाटणीपत्र वाचावे लागते. वॉटर्स यांनी सिद्ध केलेला नियम येथेही लागू पडतो. वंशाचा पुरावा वंश सांगण्यासाठी लिहिलेल्या कागदात मिळत नाही. तो अन्य कारणासाठी लिहिलेल्या कागदात मिळतो. फरक इतकाच की, एका बाजूला ते कारण वारसाचा हक्क हे होते आणि दुसऱ्या बाजूला मालकाचा हक्क.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, नामसादृश्य आणि कुलचिन्हाचे सादृश्य ही शोधाची सूत्रे आहेत, पुरावा नव्हे. छापील तक्त्यात शिरल्यावर अनुमान आणि पुरावा यांतील भेद पुसला जातो, म्हणून प्रत्येक रेघेमागचा कागद पाहिला पाहिजे. दुसरा, निर्णायक साधने बहुधा दप्तराच्या कडेला असतात. विधवा, बहिणी, सावत्र नातलग आणि गुलाम यांचे कागद वाचल्याखेरीज मुख्य पुरुषवंशही सिद्ध होत नाही. तिसरा आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, पुराव्याअभावी रिकामी ठेवलेली जागा हीदेखील ज्ञानात पडलेली भर असते. चेस्टर यांनी १८६६ मध्ये जागा रिकामी केली नसती, तर वॉटर्स यांना १८८९ मध्ये ती भरण्याचे कारणच उरले नसते. त्याच जागी ओडिनला बसविणाऱ्यांनी मात्र काहीच साधले नाही.

अमेरिकेत हा विचार पुढे रुजला. डोनाल्ड लाइन्स जेकोबस यांनी १९२२ मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकातून पुराव्यावर अधिष्ठित वंशशास्त्राचा पुरस्कार झाला. बोस्टनच्या संस्थेने १९८८ मध्ये हाती घेतलेल्या 'ग्रेट मायग्रेशन' प्रकल्पात न्यू इंग्लंडमधील आरंभीच्या वसाहतकारांच्या नोंदी एकेक करून तपासण्यात आल्या आणि ज्यांचे इंग्लंडमधील मूळ सापडले नाही त्यांच्या नावापुढे 'अज्ञात' हा शब्द स्पष्टपणे छापण्यात आला. सल्ग्रेव्हचा वाडा १९१४ मध्ये दोन राष्ट्रांच्या मैत्रीचे स्मारक म्हणून खरेदी करण्यात आला आणि १९२१ पासून लोकांसाठी खुला झाला. त्या स्मारकाला आज जो ऐतिहासिक आधार आहे, त्यात ट्रिंगच्या एका विधवेच्या किरकोळ मालमत्तेच्या कागदाचा वाटा फार मोठा आहे.